लिव्हर सिरॉसिस : औषधांचे त्रास घरी कसे सांभाळायचे आणि दवाखाना कधी गाठायचा?

माहुलीकर
नमस्कार मंडळी. सिरॉसिसवर इथे आधीही धागे झालेत, पण ते 'चांगला डॉक्टर कुठला' इथेच अडकतात. हा धागा फक्त औषधांच्या त्रासांवर आहे.

सिरॉसिस म्हणजे लिव्हर आक्रसून टणक होणं. अशा पेशंटला चार-पाच औषधं कायमची लागतात. लॅक्टुलोजचं सिरप, पोटात-पायात साठलेलं पाणी काढायला लघवीच्या गोळ्या, शिरांवरचा दाब कमी करायला कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, कुणाला आतड्यातले जंतू कमी करणारं रिफॅक्सिमिन, कुणाला हिपॅटायटिस बी ची गोळी. सिरपने पोट गुबारतं, लघवीच्या गोळीवर असताना रात्री पायात गोळे येतात, तिसरीने चक्कर येते. मग घरात कुणीतरी म्हणतं, "दोन दिवस बंद ठेवून बघू." माझं स्पष्ट मत आहे की पेशंट भरती करायची वेळ पुष्कळदा या 'दोन दिवसां'मुळेच येते.

तर प्रश्न असे. कोणता त्रास घरच्या घरी आटोक्यात आणता येतो आणि कोणत्या त्रासाला रात्रीच्या रात्री निघायचं? मीठ, डाळ, उपवास याचं नेमकं काय? आणि साताऱ्याहून पुण्याला तपासणीला जायचं असेल तेव्हा सिरपचं वेळापत्रक कसं बसवायचं? 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका. विचारायचं तर आहेच, पण नेमकं काय विचारायचं ते पेशंटच्या माणसाला कळलं पाहिजे.

सिस्टर_कराड
चांगला विषय काढलात. लॅक्टुलोजपासून सुरुवात करते, कारण घरात सगळ्यात आधी बंद पडतं ते हेच.

हे नुसतं पोट साफ करायचं औषध नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया आजारी लिव्हरला निस्तरता येत नाही. तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो आणि माणूस बरळायला लागतो. लॅक्टुलोजमुळे मोठ्या आतड्यात आम्लता वाढते, अमोनिया तिथेच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणून हिशोब एमएलचा नाही, शौचाचा ठेवायचा. दिवसाला २ ते ३ वेळा, मऊ. सुरुवात साधारण १५ ते ३० एमएल दिवसातून दोन-तीनदा अशी असते. पुढे ज्याच्या-त्याच्या पोटाप्रमाणे डोस ठरतो.

डॉक्टरांकडून डोस वर-खाली करायची मुभा कागदावर लिहून घ्या. दुपारपर्यंत एकदाही झालं नाही तर किती वाढवायचं, चारच्या वर गेलं तर पुढचा डोस निम्मा करायचा की गाळायचा, हे त्यांच्या अक्षरात हवं. पाण्यासारखं होत राहिलं तर त्याच दिवशी फोन करायचा. खूप जुलाब झाले की अंगातलं पाणी आणि क्षार जातात, किडनीवर ताण येतो आणि पेशंट त्यानेही बरळतो. घरच्यांना वाटतं सिरप कमी पडलं, म्हणून ते आणखी पाजतात. या फेऱ्यातून पेशंट थेट आयसीयूत जातो.

गॅसचा त्रास सुरुवातीला जास्त असतो, मग पोट सरावतं. सिरप कोमट पाण्यात किंवा बिनमिठाच्या लिंबूपाण्यात मिसळून दिलं की गोडपणाची शिसारी येत नाही. मोजायला बाटलीवरचं टोपण किंवा मापच वापरा. घरातला 'एक चमचा' कधी ५ एमएल असतो, कधी १५.

कृष्णाकाठ
डायबेटिस असेल तर हे एवढं गोड सिरप चालतं का?

सिस्टर_कराड
चालतं. लॅक्टुलोज स्वतः आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही. सिरपमध्ये थोडं लॅक्टोज आणि गॅलॅक्टोज असतं, म्हणून डोस मोठा असेल तर साखर जरा जास्त वेळा तपासा. साखरेच्या भीतीने बंद मात्र करू नका.

एक राहिलं. पेशंट झोपाळलेला असेल, हाक मारल्यावर नीट ओ देत नसेल, तर तोंडात सिरप ओतायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. अशा वेळी दवाखान्यात एनिमा देतात, ३०० एमएल लॅक्टुलोज आणि ७०० एमएल पाणी. घरी करायची गोष्ट नाही ती.

वाईकर_मास्तर
बरळायच्या आधीची पायरी पकडायची असेल तर अक्षर बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेशंटला रोज सकाळी सही करायला लावायची. चांगल्या दिवसात सही चौकोनात मावते, रेघेला धरून असते. अमोनियाचा त्रास सुरू झाला की अक्षर थरथरतं, वेलांटी सुटते, शेवटचं अक्षर पुढच्या तारखेत शिरतं. आठवड्याभराच्या सह्या शेजारी-शेजारी असल्याने फरक कुणाच्याही लक्षात येतो, त्याला शिक्षण लागत नाही.

दुसरी खूण झोपेची. दिवसा डुलक्या आणि रात्री टक्क जागं. तिसरी हातांची. दोन्ही हात समोर ताठ करून पंजे मनगटातून मागे वळवायला सांगा. पंजा मधूनच खाली गळून परत वर येत असेल तर सांगायची गोष्ट आहे. एका मिनिटात प्राण्यांची नावं घ्यायला लावायची चाचणीही डॉक्टर वापरतात. दहाच्या आत अडखळला तर मेंदूवर परिणाम झाल्याची दाट शंका घेतात.

या काळात गाडी चालवायला देऊ नका. दुचाकीसुद्धा.

अजिंक्यतारा
लघवीच्या गोळ्यांबद्दल लिहितो. बहुतेकांना स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइड अशी जोडी असते, १०० ला ४० या प्रमाणात. पहिली शरीरात पोटॅशियम धरून ठेवते, दुसरी ते बाहेर टाकते, म्हणून जोडी. त्यातली एकच बंद करून दुसरी चालू ठेवणं धोक्याचं असतं, तो निर्णय रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरच घेतात.

वजन रोज घ्या. सकाळी शौच-लघवी झाल्यावर, काही खायच्या आधी, तशाच हलक्या कपड्यात, त्याच काट्यावर. काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरू नये, सूज असेल तर एक किलोपर्यंत चालतं. त्याहून भरभर उतरलं तर पोटातलं पाणी कमी होतंय म्हणून खूश होऊ नका, किडनी कोरडी पडतेय. उलट रोज वाढत असेल तर मीठ कुठून तरी जातंय.

दिवसातली पहिल्या वेळची गोळी सकाळी, दुसऱ्या वेळची असेल तर दुपारी दोन-तीनच्या आत. संध्याकाळी घेतली की रात्रभर उठ-बस आणि अंधारात पडायची भीती.

उलट्या, जुलाब किंवा ताप सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, बहुतेकदा ते या गोळ्या तात्पुरत्या थांबवायला सांगतात. सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारं) या तीन रक्ततपासण्या सुरुवातीला वरचेवर लागतात. सोडियम १२५ च्या खाली किंवा पोटॅशियम ६ च्या वर असेल तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

हळदगल्ली
आमच्याकडे सोडियम कमी आलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, थोडं मीठ वाढवा. बरोबर आहे का ते?

अजिंक्यतारा
नाही. सिरॉसिसमध्ये अंगात मीठ कमी पडलेलं नसतं, पाणी जास्त साठल्यामुळे ते पातळ झालेलं असतं. मीठ वाढवलं की आणखी पाणी साठतं. सोडियम १२५ च्या खाली गेलं तर डॉक्टर पिण्याच्या पाण्यावर मर्यादा घालतात. त्याच्या वर असेल तर सरसकट पाणी तोडायची गरज नसते. पोटात पाणी आहे म्हणून तहानलेल्या माणसाला घोट-घोट देणारी घरं आहेत, तसं करू नका.

माहुलीकर
अजून एक त्रास, जो पुरुष पेशंट सांगतच नाहीत. स्पायरोनोलॅक्टोनने छातीत गाठ येते, दुखते, शर्ट घासला तरी सहन होत नाही. लाजेने गोळीच बंद करतात आणि महिन्याभरात पोट पुन्हा भरतं.

औषधपेठ_मिरज
याला पर्याय आहेत, माहुलीकर. एप्लेरेनोन किंवा अ‍ॅमिलोराइड देता येतं. पेशंटला डॉक्टरांसमोर बोलवत नसेल तर सोबतच्या माणसाने चिठ्ठीवर लिहून द्यावं.

मी दुकानातून सारखं जे सांगतो ते इथेही सांगतो. अंगदुखी, गुडघेदुखी, दातदुखीची गोळी कधीही परस्पर घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसेक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही सगळी सिरॉसिसमध्ये किडनी बसवतात, पाणी वाढवतात आणि रक्तस्रावाची भीती वाढवतात. लघवीच्या गोळ्या चालू असताना तर हमखास. दुखलं तर पॅरासिटामॉल, पण दिवसाला २ ग्रॅमच्या आत, म्हणजे ५०० च्या चार किंवा ६५० च्या तीन. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं विसरू नका. 'पॅरासिटामॉल लिव्हरला वाईट' म्हणून लोक डायक्लोफिनॅक घेतात, ते आगीतून फुफाट्यात.

झोपेची गोळी, खोकल्याचं गुंगीचं औषध, खाजेसाठी घेतलेली जुनी अ‍ॅलर्जीची गोळी, तिन्हींनी पेशंट बेशुद्धीकडे जाऊ शकतो. कुठल्याही दुकानात गेलात तरी पहिलं वाक्य "लिव्हरचा पेशंट आहे" हे असू द्या.

तासगावकर
पायात गोळे येतात त्याला काय करायचं? रात्री दोन वाजता पोटरी दगड होते.

औषधपेठ_मिरज
त्या क्षणी गुडघा सरळ ठेवून पायाचा पंजा अंगाकडे ओढा आणि अर्धं मिनिट धरून ठेवा. झोपण्यापूर्वी पोटऱ्यांना तसाच ताण देऊन घ्या. हे सिरॉसिसमध्ये गोळ्यांशिवायही होतं, पण आधी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासा, लघवीच्या गोळीचा डोस जास्त होतोय का ते विचारा. तरीही थांबलं नाही तर डॉक्टर टॉरिन किंवा थोडं बॅक्लोफेन देतात. बॅक्लोफेनने गुंगी येते, म्हणून ज्यांना बरळण्याचा त्रास होऊन गेलाय त्यांनी ते आधी सांगायचं.

गोळे येतात म्हणून शहाळ्याचा सपाटा लावू नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन ते धरून ठेवतं.

आहार_विश्रामबाग
आता जेवणावर येते. तीन गोष्टींचा घोळ असतो. मीठ, प्रथिनं आणि उपाशीपोट.

पोटात पाणी असेल तर दिवसाचं सोडियम २ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून मीठ ५ ग्रॅम. दूध-भाज्यांत मुळातच थोडं सोडियम असतं, म्हणून वरून घालायला सपाट पाऊण चमचा (५ एमएलच्या मापाचा) समजा. सकाळीच तेवढं मीठ एका छोट्या डबीत काढायचं. घरची भाजी-आमटी शिजवताना पेशंटची वाटी मीठ घालायच्या आधी बाजूला काढायची आणि ताटात वाढल्यावर त्या डबीतलं वरून भुरभुरायचं. वरून घातलेलं मीठ जिभेला लगेच लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. ज्वारीच्या भाकरीत मीठ लागत नाही, हा आपल्याकडचा मोठा फायदा. चवीला लिंबू, कोकम, आलं, लसूण, जिरं, कोथिंबीर, भाजलेलं खोबरं मोकळ्या हाताने वापरा.

सैंधव मीठही सोडियमच आहे. 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ त्याहून घातक, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. पापड, लोणचं, फरसाण, पाव, बिस्किटं, खायचा सोडा घातलेलं ढोकळा-भजी, पाकिटातलं सूप ही छुप्या मिठाची घरं.

हळदगल्ली
म्हणजे भडंग बंद. सांगलीत राहून भडंग बंद म्हणजे शिक्षाच की ताई.

आहार_विश्रामबाग
दुकानचं बंद, दादा, घरचं नाही. चुरमुऱ्यांतही तयार होताना मीठ पडलेलं असतं, म्हणून साध्या लाह्या घ्या. लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे आणि तिखटाची फोडणी करा, मीठ डबीतलं. भडंगाची तहान भागते.

माहुलीकर
आमच्या कंदी पेढ्यात मीठ नाही. या एका बाबतीत सातारा पुढे :)

आहार_विश्रामबाग
खरंच पुढे आहे, साखरेचा त्रास नसेल तर :) रात्री झोपताना दोन पेढे आणि कपभर दूध हा सिरॉसिसच्या पेशंटला चांगला खाऊ आहे. तेच मला पुढे सांगायचं होतं. आजारी लिव्हरमध्ये साखरेचा साठा राहत नाही. रात्री आठला जेवून सकाळी नऊला चहा घेतला की मधल्या तेरा तासांत शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. म्हणून निजताना साधारण २०० कॅलरींचं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. राजगिऱ्याचे दोन लाडू आणि दूध, दूध-भाकरी, शिरा, नाचणीची खीर, काहीही. आणि उठल्याबरोबर नाश्ता. दिवसा दर तीन तासांनी थोडं-थोडं. पोट पाण्याने दाबलेलं असतं, एका बैठकीत पोटभर जेवण जातच नाही.

वाईकर_मास्तर
पण ताई, बरळणाऱ्या पेशंटची डाळ बंद करायला सांगतात ना? जुने डॉक्टर तर अंडं, दूध, डाळ सगळंच तोडायचे.

आहार_विश्रामबाग
पूर्वी तोडायचे, आता तोडत नाहीत. अमोनिया निस्तरायला लिव्हरनंतर स्नायूच कामाला येतात. प्रथिनं तोडली की स्नायू झडतात आणि बरळणं वाढतं. आता दर किलो वजनाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं द्या असं सांगतात, वजन पोटातलं पाणी वजा करून धरायचं. ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम.

हे भरायचं कसं ते लिहिते. अर्धा लिटर दुधातून साधारण १६ ग्रॅम, दोन अंड्यांतून १२, कोरडी ६० ग्रॅम मूग-मटकी-तूरडाळ मिळून १४, पन्नास ग्रॅम पनीरमधून ९, ज्वारी-गव्हाच्या २०० ग्रॅम पिठातून २०, वाटीभर दह्यातून ५, मूठभर शेंगदाण्यांतून ७. झाले ८३. मटण-चिकनपेक्षा दूध-डाळीची प्रथिनं या पेशंटला जास्त सोसतात, शिवाय डाळीतल्या चोथ्याने पोट साफ राहतं.

मिठाबद्दल एक सांगते, कारण काही घरांत अळणीचा अतिरेक होतो. इतकं बेचव ताट देतात की पेशंट अर्धी भाकरी खाऊन उठतो. पाऊण चमचा मीठ वापरून तो दोन भाकरी खात असेल तर मी ते मीठ देईन. उपाशी पेशंट जास्त वेगाने खचतो.

तासगावकर
संकष्टीचं काय? चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही हा आमच्या घरात अनेक वर्षांचा नेम आहे. वडीलधाऱ्यांना सांगणं अवघड.

आहार_विश्रामबाग
निर्जळी किंवा चंद्रोदयापर्यंत कडकडीत उपास या आजारात करायचा नाही. नेम मोडवत नसेल तर उपासाचेच पदार्थ दर तीन तासांनी द्या. दूध, राजगिरा, वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, रताळं. रताळ्यात पोटॅशियम आहे, ते बेताने. उपासाच्या वेफर्स, चिवड्यात मीठ ठासून असतं, ते नको. घरातल्या कुणीतरी पेशंटच्या वाटचा उपास धरावा, असंही काही घरांत ठरवतात. मला ते पटतं.

वनौषधी_पाटण
इथे सगळं अ‍ॅलोपॅथीच चाललंय म्हणून लिहितो. गुळवेल, भुईआवळा, पुनर्नवा ही यकृतावरची जुनी औषधं आहेत. गोळ्यांचे एवढे त्रास सांगता, मग काढ्याने काय बिघडतं?

औषधपेठ_मिरज
वनौषधीदादा, तुमच्या पाटण खोऱ्यातलं झाडपाल्याचं ज्ञान मोठं आहे, त्याचा मान ठेवून लिहितो. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा पेशंटांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते. मला तर त्या आक्षेपातच पेशंटसाठी इशारा दिसतो. बाजारातल्या पुडीत नक्की कोणती वेल आहे हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही. धडधाकट लिव्हर एखादा धक्का पचवतं, सिरॉसिसमध्ये तेवढी शिल्लक नसते.

वनौषधी_पाटण
ओळख पटवूनच घ्यावी, हे मलाही मान्य. पण सरसकट सगळं विष म्हणू नका.

औषधपेठ_मिरज
सरसकट म्हणत नाही. जे घेताय ते लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, लपवून नको. रक्ताच्या रिपोर्टमधले लिव्हरचे एन्झाइम अचानक वाढले की ते गोळ्या बदलत बसतात आणि खरं कारण फडताळात बरणीत असतं.

हळदीचंही तेच. आमटीतली हळद खुशाल खा, सांगलीला तर ती वर्ज्य करणं शोभणारही नाही. पण हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यातही मिरीचा अर्क घातलेल्या, नकोत. मिरीमुळे अर्क कितीतरी जास्त शोषला जातो आणि त्याने लिव्हर सुजल्याच्या नोंदी आहेत. कावीळ उतरवायला नाकात कडू दोडक्याचे थेंब सोडतात, तेही नको. सिरॉसिसमध्ये प्लेटलेट कमी असतात, नाकातून रक्त सुरू झालं तर थांबता थांबत नाही.

सिस्टर_कराड
कार्व्हेडिलॉल राहिलंच. ही गोळी बीपीसाठी दिलेली नसते. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवरचा दाब कमी करायला असते. सुरुवात ३.१२५ मिलिग्रॅमने होते, हळूहळू १२.५ पर्यंत नेतात. 'माझं बीपी नॉर्मल आहे, मग गोळी कशाला' म्हणून सोडणारे खूप. अचानक सोडली की दाब उसळतो आणि शीर फुटू शकते.

चक्कर येत असेल तर गोळी जेवणाबरोबर घ्या. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभे राहा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल आणि नाडी ५५ ते ६० च्या दरम्यान असेल तर गोळी काम करतेय. वरचं बीपी ९० च्या खाली किंवा नाडी ५० च्या खाली आली तर पुढची गोळी घ्यायच्या आधी फोन.

त्या फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबरी बँड बसवल्यावर पहिला दिवस गार-पातळ, मग आठवडाभर गुरगुट्या भात, मऊ खिचडी, दुधात भिजवून लगदा केलेली भाकरी. कडक पापुद्रा, चिवडा, चिक्की नको. छातीत थोडं दुखतं, गिळताना अडकल्यासारखं वाटतं, ते दोन-तीन दिवसांत कमी होतं. बँड गळून पडतो तिथे जखम राहते, ती साधारण पाचव्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत रक्ताळू शकते. तेवढे दिवस लांबचं लग्न, जत्रा, डोंगरातलं देवस्थान टाळा.

कृष्णाकाठ
खाजेवर कुणी लिहिलं नाही. तळहात-तळपाय रात्री इतके खाजतात की झोप लागत नाही.

औषधपेठ_मिरज
कोमट किंवा गार पाण्याने आंघोळ, साबण कमी, अंग ओलसर असतानाच खोबरेल. नखं बारीक. औषधात कोलेस्टिरामिनची पावडर पहिली, ४ ग्रॅम पाण्यात किंवा बिनमिठाच्या ताकात कालवून. ती बाकीची औषधंही स्वतःला चिकटवून घेते, म्हणून इतर गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर. हिने बद्धकोष्ठ होतं, तेव्हा लॅक्टुलोजचा हिशोब पुन्हा लावावा लागतो. त्याने भागलं नाही तर रिफॅम्पिसिन देतात. लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी केशरी होतं, घाबरू नका, पण लिव्हरच्या तपासण्या ठरल्या वेळी करा, कारण ती गोळी कधीकधी लिव्हरलाच त्रास देते.

तासगावकर
ज्यांचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालंय त्यांच्या टॅक्रोलिमसबद्दल (शरीराने नवं लिव्हर नाकारू नये म्हणून असते ती गोळी) थोडं लिहितो. सकाळ-रात्र बरोबर १२ तासांच्या अंतराने. हात थरथरणं आणि डोकेदुखी सुरुवातीला जास्त असते, साखर वाढते, किडनीवर ताण येतो. रक्तातली पातळी बघायची तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. रात्रीची नऊला घेतली असेल तर सकाळी नऊला रक्त आणि लगेच गोळी. गोळी घेऊन रक्त दिलं की आकडा फसवा येतो आणि डोस विनाकारण कमी होतो. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य, त्याने पातळी वाढते. आमच्या तासगावची द्राक्षं चालतात, फक्त चांगली धुऊन. जुलाब लागले तरी पातळी वाढते, आणि बुरशीवरचं किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं औषध कुणी लिहिलं तर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन.

हळदगल्ली
हिपॅटायटिस बी आणि सी वाल्यांनी काय बघायचं?

सिस्टर_कराड
बी ची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करायची नाही, विषाणू उसळून लिव्हर काही आठवड्यांत निकामी होऊ शकतं. एन्टेकॅव्हिर उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. जुनं टेनोफोव्हिर असेल तर किडनी आणि हाडांवर लक्ष. सी चा कोर्स बहुतेकांना १२ आठवड्यांचा. डोकेदुखी, थकवा येतो, तेवढा सोसवतो. त्या कोर्सच्या गोळीत वेलपाटासव्हिर असेल तर अ‍ॅसिडिटीची गोळी परस्पर घेऊ नका, औषध नीट शोषलं जात नाही. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा विषाणू तपासायचा, तेव्हा बरं झालं म्हणायचं. या दोन्हींची औषधं सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात मोफत आहेत. सिव्हिलला किंवा मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा.

शाहूनगर
फक्त फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय. हे सगळं पाळायचं का?

आहार_विश्रामबाग
नाही. तुमचं पथ्य वेगळं. वजन जास्त असेल तर ७ ते १० टक्के हळूहळू उतरवा, साखर आणि गोड पेयं कमी करा, रोज चाला. रात्री झोपताना खाऊ वगैरे तुम्हाला नको. दारू मात्र दोघांनाही नको.

माहुलीकर
खूप उपयोगाचं मिळालं. माझे दोन प्रश्न अजून उरलेत, रात्रीच्या रात्री कधी निघायचं आणि पुण्याचा प्रवास.

सिस्टर_कराड
निघायचं तेव्हा : रक्ताची उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच (लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट, उग्र नसते). हाक मारल्यावर ओळख न पटणं. पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, कारण त्या पाण्यात जंतू झालेले असू शकतात आणि त्यात कधीकधी ताप येतही नाही, नुसतं बरळणं वाढतं. लघवी दिवसभरात अगदी कमी होणं. बेंबीचा हर्निया अचानक कडक, लाल, दुखरा होणं. १०८ ला फोन करून "सिरॉसिसचा पेशंट, रक्ताची उलटी" एवढं आधी सांगा. पेशंटला कुशीवर झोपवा, काही खायला-प्यायला देऊ नका. पुण्यापर्यंत ओढत नेऊ नका, आधी जवळच्या मोठ्या दवाखान्यात रक्तस्राव थांबवायची सोय होते.

पोटातलं पाणी काढायला भरती व्हाल तेव्हा विचारायचं : पाच लिटरच्या वर काढणार असाल तर अल्ब्युमिन (शिरेतून द्यायचं प्रथिन) किती देणार? दर लिटरला ६ ते ८ ग्रॅम असा हिशोब आहे. २० टक्क्यांच्या १०० एमएल बाटलीत २० ग्रॅम असतं. आठ लिटर काढलं तर अडीच-तीन बाटल्या लागतात, पैशांची तयारी त्याप्रमाणे ठेवा. महात्मा फुले योजनेत बसतं का हे भरती होतानाच आरोग्यमित्राकडे विचारा.

अजिंक्यतारा
प्रवासाचं मी सांगतो. सातारा-पुणे तीन तास धरा, खंबाटकीत गाड्या अडकल्या तर जास्त. सिरप गाळायचं नाही, सरकवायचं. आदल्या रात्रीचा डोस झोपताना न देता संध्याकाळी सहाला द्या, म्हणजे पहाटेपर्यंत पोट साफ होतं. सकाळचा डोस पुण्यात पोचल्यावर. परतीच्या वाटेवरचा घरी आल्यावर. लघवीच्या गोळीचंही तसंच, सकाळी निघायच्या आधी घेऊ नका, दवाखान्यात नंबर लागला की घ्या. एसटीत पुढची, दाराजवळची सीट मागा आणि कंडक्टरला बसतानाच सांगून ठेवा. सांगलीहून येणाऱ्यांना पाच तास लागतात, त्यांनी शक्यतो आदल्या दिवशी येऊन मुक्काम करावा.

आहार_विश्रामबाग
आणि डबा विसरू नका. सोनोग्राफीसाठी उपाशी बोलावलं असेल तर सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, तपासणी झाल्या-झाल्या दशमी आणि दही खायला घाला. हॉटेलची मिसळ नको, तिच्या एका प्लेटीत पेशंटचं दिवसभराचं मीठ जायचं.

कृष्णाकाठ
दशमी दुधात भिजवलेली की गुळाची?

आहार_विश्रामबाग
दुधात भिजवलेली, मीठ न घालता. गुळाची केली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते, मुक्कामाला जाणाऱ्यांनी ती न्यावी. डायबेटिस असेल तर दुधाचीच.